कष्टकऱ्यांची आर्थिक चिंता आणि लोकसभेचा निकाल : संबंध कसा तपासावा

इंदूरमधील कष्टकरी मतदारांच्या आर्थिक चिंतेने लोकसभेच्या निकालाला किती वळण दिले हे तपासायचे असेल, तर गरिबी आणि चिंता यांची गल्लत आधी टाळावी. कमी पगाराची पण कायम नोकरी असलेले घर निर्धास्त असू शकते. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा तरुण मात्र बऱ्या पगारातही धास्तावलेला असतो. म्हणून इंदूरच्या परदेशीपुरा किंवा नंदानगर या कामगार वस्त्यांत विचारपूस करताना मत कोणाला दिले, यापासून सुरुवात करू नये. ‘काकू, महिनाअखेरीस किराणा उधारीवर आणावा लागतो का? काम सुटले तर घर किती दिवस निभेल?’ असे विचारावे आणि मागच्या निवडणुकीच्या वेळी हेच कसे होते तेही विचारावे, कारण नुसत्या परिस्थितीपेक्षा तिच्यात झालेला बदल मतदाराला अधिक बोचतो.

या अडचणीचा दोष मतदार कोणाला देतो, हा सर्वांत कळीचा प्रश्न आहे. इंदूरची हुकुमचंद कापड गिरणी (मिल) १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली तेव्हा दिल्लीत काँग्रेसचे आणि भोपाळमध्ये भाजपचे सरकार होते. १९६२ मध्ये याच शहराने कामगार नेते होमी दाजी यांना लोकसभेवर पाठवले होते. मिल बंद झाल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र १९८९ पासून खासदार असलेल्या सुमित्रा महाजन पुन्हा निवडून आल्या. कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न तर २०२३ च्या डिसेंबरपर्यंत लोंबकळत राहिला. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मिलची नोकरी होती त्यांना ते हाल सांगायला नकोत. परंतु माझ्या मते, युनियनची पकड सैल झाल्यावर त्या हालांना एकजूट मताचे रूप देणारे कोणी उरले नव्हते.

उत्तरे हाती आल्यावर निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मधील मतदान केंद्रनिहाय आकडे त्यांच्याशी ताडून पाहावेत. वस्तीचा कल म्हणजे प्रत्येक मजुराचा कल, असे मात्र मानू नये. इंदूरचा २०२४ चा निकाल या तुलनेत घेऊ नये: काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली, पक्षाने ‘नोटा’चे आवाहन केले आणि त्या पर्यायाला दोन लाखांहून अधिक मते पडली, त्यांतून महागाईबद्दलचा राग वेगळा काढता येणार नाही. शिवाय पीथमपूर धार जिल्ह्यात मोडते, त्यामुळे तिथल्या नोकरकपातीचा परिणाम दोन मतदारसंघांत शोधावा लागतो.

देशपातळीवर जाताना मतांची टक्केवारी आणि जागा वेगवेगळ्या मांडाव्यात. २०१९ ते २०२४ या काळात भाजपच्या देशातील मतांची टक्केवारी एका टक्काबिंदूहूनही कमी घटली, पण जागा ३०३ वरून २४० वर आल्या. म्हणून चिंता किती घरांत आहे याच्या जोडीला ती कोणत्या राज्यांत, किती चुरशीच्या मतदारसंघांत एकवटली आहे, याचीही नोंद ठेवावी.