आशीर्वादाचे शब्द कसे बोलावेत

आशीर्वाद वडीलधाऱ्यांनी किंवा पाळकांनी द्यायचा आणि बाकीच्यांनी डोके लववून घ्यायचा, असे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत सहज धरून चालतात. बायबलातील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मात्र आशीर्वाद देण्याची ही गोष्ट सर्वच विश्वासणाऱ्यांना सांगितली आहे, आणि तेथील मूळ ग्रीक शब्दाची फोड केली तर अर्थ 'चांगले बोलणे' असाच निघतो.

पहिले लक्ष क्रियापदाकडे द्यावे. 'देवो', 'राखो', 'करो' ही मराठी रूपे आशीर्वादासाठी जणू घडवलेलीच आहेत, कारण त्यांत बोलणारा मागतो आणि देणारा देव असतो. बायबलातील गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील याजक अहरोनाचा आशीर्वाद याच रूपात आहे. मूळ इब्री भाषेत तो अवघा 15 शब्दांचा आहे आणि त्याच्या लगेच पुढे परमेश्वर म्हणतो की, आशीर्वाद मी देईन. म्हणून आजाऱ्याच्या खाटेशी बसून 'तुम्ही नक्की बरे होणार' असे सांगू नये, कारण ते वचन आपल्या हातचे नाही. 'प्रभू तुम्हाला आज रात्री शांत झोप देवो' एवढे म्हणावे.

दुसरे म्हणजे, जे पाहिले ते बोलावे. 'देव तुमचे भले करो' हे वाक्य खोटे नाही, पण वापरून गुळगुळीत झाले आहे. उपासनेआधी येऊन सतरंज्या अंथरणाऱ्या बाईंना, 'मावशी, तुमच्यामुळे आम्हाला आयते बसायला मिळते, प्रभू तुमच्या गुडघ्यांना बळ देवो,' असे म्हणून पाहावे. रूथच्या पुस्तकातील शेतमालक बवाज बेथलेहेमाहून शेतावर आला तेव्हा त्याने कापणी करणाऱ्यांना आधी परमेश्वराच्या नावाने अभिवादन केले आणि त्यांनीही त्याला तसेच उत्तर दिले. बाकीची चौकशी त्यानंतर झाली. घरी कामाला येणाऱ्या ताईंशी आपले पहिले वाक्य कोणते असते, हे ज्याचे त्याने आठवावे.

वेळही पाहावी लागते. पहाटे उठून मोठ्याने दिलेला आशीर्वाद शापच गणला जाईल, असे बायबलातील नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि पहाटे पाचला फोनवर वचने पाठवणाऱ्या आपल्या बांधवांनी ते जरूर वाचावे. मयताच्या घरी तर, मुले गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तेच त्यांचे उत्तम सांत्वन होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. जेथे भाकरीची गरज आहे तेथे नुसते 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणण्यात काय लाभ, असे याकोब आपल्या पत्रात विचारतो, तेव्हा आधी डबा न्यावा.

सर्वांत अवघड आहे ते दुखावणाऱ्याला आशीर्वाद देणे. येथे 'देव तुम्हाला सद्बुद्धी देवो' हे वाक्य कटाक्षाने टाळावे, कारण मराठीत तो आशीर्वादाच्या वेषातला टोमणा आहे. त्याऐवजी घरच्या प्रार्थनेत त्या व्यक्तीचे नाव घेऊन, आपण स्वतःच्या मुलाबाळांसाठी जे मागतो तेच तिच्या मुलाबाळांसाठी मागावे. काही आठवडे असे केल्यानंतर चर्चच्या दारात ती व्यक्ती समोर आली, तर 'सलाम' म्हणून 'मुले कशी आहेत?' एवढे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.