खाली खाज, आग होतेय? या चुका टाळा

काउंटरवरची पुरुष गिऱ्हाइकं जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या न्याहाळत थांबायचं, मग हळूच म्हणायचं, ‘‘खाजेवरचं एक मलम द्या ना.’’ खाज कुठे, केव्हापासून, हे दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. ट्यूब वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून पर्सच्या तळाशी जाते. दोन दिवसांत खाज थांबते आणि महिन्याभरात दुपटीने परत येते. जांघेतल्या आणि योनीच्या आसपासच्या त्वचेच्या तक्रारींमध्ये मला सगळ्यात महागात पडणारी चूक हीच वाटते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

एका ट्यूबमध्ये तीन औषधं

असं न सांगता-विचारता मिळणारं मलम बऱ्याचदा मिश्रण असतं: एक औषध बुरशीवर, एक जिवाणूंवर आणि तिसरं स्टिरॉइड. त्यातलं क्लोबेटासोल हे त्वचेला लावायच्या स्टिरॉइड्समधलं सगळ्यात जहाल. लाली आणि खाज ते झटक्यात उतरवतं, म्हणून वाटतं, गुण आला. पण खाजेचं कारण गजकर्ण, म्हणजे बुरशी असेल, तर स्टिरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. गजकर्णाची ओळखीची गोल, उठावदार कड पुसट होते, चट्टे मांडीवर, कुल्ल्यांवर, पोटापर्यंत सरकतात आणि मग अनुभवी त्वचारोगतज्ज्ञांनाही नुसत्या नजरेने निदान करणं अवघड जातं. भारतात गेल्या काही वर्षांत नेहमीच्या औषधांना दाद न देणारं गजकर्ण वाढलं, त्यामागे ही मिश्रणं हे एक मोठं कारण मानलं जातं.

त्यात जांघ म्हणजे पातळ त्वचा आणि घडी. हातापायांपेक्षा तिथे औषध कितीतरी जास्त शोषलं जातं. महिनोन्महिने लावलं की त्वचा कागदासारखी पातळ होते आणि लालसर रेघा उमटतात. त्या पुढे फिकट होतात, पण जात नाहीत.

आयएडीव्हीएल ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही काउंटरवर काय होतं ते आपण पाहतोच. म्हणून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते त्या जागी लावू नका. आणि आधीच बरेच महिने लावत असाल, तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइड एकदम थांबवलं की काही दिवस आग उसळते, आणि त्या भीतीने बायका पुन्हा तीच ट्यूब उचलतात.

हे वाचून स्टिरॉइडच्या नावानेच घाबरू नका. पाळी गेल्यानंतर काही जणींना योनीच्या बाहेरच्या भागावर पांढरे, चकचकीत चट्टे येतात आणि रात्री असह्य खाज सुटते. याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. तिथे हेच क्लोबेटासोल डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरणं हा नेहमीचा, योग्य उपचार आहे. हे चट्टे कोड समजून किंवा ‘आता या वयात काय दाखवायचं’ म्हणून अंगावर काढले, तर जागा आक्रसत जाते आणि थोड्या जणींमध्ये पुढे कर्करोगाची शक्यताही असते.

जागा नेमकी सांगा

‘खाली खाज येते’ एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. दार लावून, हातात आरसा धरून एकदा नीट बघा. आयुष्यभर स्वतःचाच एक भाग न बघता राहणाऱ्या पुष्कळ जणी आहेत.

मांडी आणि जांघेच्या घडीत, कडेला उठाव असलेला, खवलेदार चट्टा असेल तर बहुतेक गजकर्ण. घडीत नुसतं लाल, ओलसर, सोलवटलेलं असेल तर घाम आणि घर्षण. बाहेरच्या ओठांवर आग आणि लाली असेल आणि नुकताच साबण, पॅड किंवा कपड्यांची पावडर बदलली असेल, तर संशय त्या नव्या वस्तूवर घ्या. केसांच्या मुळाशी दुखऱ्या पुळ्या आल्या असतील तर वस्तरा आठवा.

आतून त्रास असेल तर स्राव बघा. दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा, फारसा वास नाही आणि खाज भयंकर, ही कँडिडाची, म्हणजे यीस्टची लक्षणं. चार बायकांमधल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. पातळ, करडट, माशासारखा वास येणारा स्राव आणि खाज जेमतेम, हे जिवाणूंचं संतुलन बिघडल्याचं लक्षण. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो. तो शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर आजार दोघांत फिरत राहतो. या तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत.

हे वर्णन वाचून घरीच निकाल लावू नका, डॉक्टरांना सांगायला शब्द मिळावेत म्हणून ते दिलं आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुकानातून स्वतःहून यीस्टचं औषध घेतलेल्या ९५ बायकांना तपासलं, तर नुसता यीस्टचाच त्रास जेमतेम एक तृतीयांश जणींना निघाला.

लघवी करताना आग होते तेव्हाही एक फरक बघा. आग आतून होते, थेंब थेंब होते, सारखी लागते, तर मूत्रमार्गाचा संसर्ग. लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की झोंबतं, तर त्वचा सोलवटलेली आहे.

धुऊन धुऊन जागा बिघडवणं

योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू मुक्कामाला असतात. दह्यातल्या जिवाणूंचे हे भाऊबंद लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे आतला सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाकीच्या जंतूंचं तिथे फावत नाही. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो. तो रोज आत घातला की ही व्यवस्था मोडते. पाण्याचा फवारा आत मारूनही तेच होतं.

तरीही त्रास सुरू झाला की आपला पहिला हात बादलीत अँटिसेप्टिक ओतायलाच जातो. फरशी पुसायच्या पाण्यात चालणारं ते द्रव्य त्या नाजूक त्वचेला भाजतं. कडुलिंबाचं पाणी, तुरटी, हळदीचा लेप, लिंबू, खायचा सोडा, आणि हो, दहीसुद्धा आत-बाहेर काहीही लावू नका. दह्यातले जिवाणू आणि तिथले जिवाणू भाऊबंद असले तरी एकच नव्हेत. जाहिरातीतल्या सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ची गरज निरोगी योनीला नसते. त्या जागेला तिचा स्वतःचा थोडा वास असतोच. तो घालवायला निघालेल्या कंपन्यांनी आपल्याला फुकटची लाज विकली आहे, असं माझं स्पष्ट मत.

बाहेरचा भाग दिवसातून एकदा-दोनदा साध्या कोमट पाण्याने धुवा, पुढून मागे. आणि कोरडा करा. संडासातला जेट वापरून तसंच ओलं उठून कपडे चढवायचे आणि दिवसभर त्याच ओलीत बसायचं, ही सवय घरोघरी आहे. पर्समध्ये सुती रुमाल ठेवा, रोज धुतलेला. खाज असेपर्यंत साबण, पावडर, सुगंधी वाइप्स सगळं बंद. थंड पाण्याची घडी ठेवली तर रात्रीची खाज सुसह्य होते, आणि नखं कापलेली असली तर झोपेत खाजवूनही जखम होत नाही.

कपडे, पॅड, वस्तरा

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात नाहीतर मुंबईत चड्डी वाळणं हीच एक समस्या असते. दमट चड्डी घालून लोकलमध्ये तासभर उभं राहिलं, वर लेगिंग किंवा जीन्स, की बुरशीला आणखी काय हवं! मोकळ्या, सुती चड्ड्या दोन-चार जास्त ठेवा, घालण्यापूर्वी इस्त्री फिरवा, घरी आल्यावर आधी कपडे बदला, रात्री चड्डीशिवाय सैल गाऊन घालून झोपा. पाळीचं कापड आणि चड्ड्या इतर कपड्यांच्या आड, सावलीत वाळत घालण्याची जुनी रीत मात्र मोडाच. त्यांना ऊन लागलं पाहिजे. कुणी बघितलं तर बघू दे.

पॅड चार ते सहा तासांनी बदला, रक्त कमी असलं तरीही. सुगंधी पॅडने पुरळ उठत असेल तर बिनवासाचं किंवा सुती घ्या. पाळीव्यतिरिक्त रोज पँटीलायनर लावून फिरण्यात काही अर्थ नाही.

केस काढणं ही स्वच्छतेची अट नाही, ते घर्षणापासून त्वचेला जपतात. नकोच असतील तर कात्रीने बारीक करा. हेअर रिमूव्हल क्रीम तिथे हमखास भाजतं, आणि भाजलेल्या जागी पुन्हा काय लावायचं हा प्रश्न घेऊन आपण परत केमिस्टकडे.

साखर तपासायची राहून जाते

वर्षात तीन किंवा जास्त वेळा यीस्टचा त्रास झाला तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहाची ती पहिली खूण असू शकते. आणि मधुमेह आधीपासून असेल तर गोळ्यांची नावं बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यामुळे काही जणींना जांघेत आणि योनीत बुरशी होते. गोळी मनाने बंद करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरही यीस्ट उसळतं.

पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा, आग आणि संबंधांच्या वेळी दुखणं याला वयाचा भोग समजू नका. इस्ट्रोजेन कमी झाल्याने ते होतं आणि त्यावर लावायचं औषध मिळतं.

‘अंगावरून पांढरं जातं’

दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला जाणारा स्राव जाणं हे निरोगी शरीराचं काम आहे. त्याने हाडं झिजत नाहीत, अशक्तपणा येत नाही. पण ही भीती आपल्याकडे किती खोल आहे आणि तिचा धंदा कसा होतो, ते बीड जिल्ह्याने दाखवलं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये गदारोळ झाला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येकींची मूळ तक्रार पांढरं जाणं, पाठदुखी किंवा पाळीत जास्त जाणं एवढीच होती. नुसत्या पांढऱ्या जाण्यावरून कुणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर

सरकारी रुग्णालयातल्या ‘त्वचा व गुप्तरोग’ विभागाच्या पाटीखाली बसायला बायका बिचकतात. त्रास योनीतला असेल तर स्त्रीरोग विभागात गेलात तरी चालतं, पण जांघेतल्या चट्ट्यांसाठी त्वचेचेच डॉक्टर बरे. महिला डॉक्टर हव्या असतील तर नोंदणीच्या खिडकीवर सरळ विचारा. तपासताना बाई सोबत असावी, असं म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. आदल्या रात्री आत गोळी ठेवू नका, मलम चोपडून जाऊ नका, सकाळी आत धुऊ नका, नाहीतर तपासायला काही उरत नाही. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. दिवस गेले असतील किंवा शक्यता असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण यीस्टवर दिली जाणारी फ्लुकोनाझोलची गोळी गर्भारपणात टाळतात. खवल्यांचा नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी काही मिनिटांत होते आणि दुखत नाही.

फोड आणि त्यासोबत ताप, न भरणारी जखम, गाठ, पाळी गेल्यानंतर रक्त दिसणं, ओटीपोटात दुखणं, यांपैकी काही असेल तर वाट बघू नका.

गजकर्ण निघालं, तर खाज थांबली की औषध बंद, असं करू नका. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस लावत राहा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत. घरात आणखी कुणाला आहे का, तेही विचारा. नवऱ्याच्या कंबरेवर तसाच चट्टा असतो आणि तोही गुपचूप तीच ट्यूब वापरत असतो, असं पुष्कळदा निघतं. दोघांचे उपचार एकाच वेळी सुरू करा आणि टॉवेल वेगळे ठेवा. चादरी, चड्ड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, आतली बाजू वर करून वाळत घाला.