परदेशात नेट कुठून घ्यायचं: रोमिंग पॅक, तिकडचं सिम की ई-सिम

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की जळगाव-भुसावळकडून मला फोन सुरू होतात, "बँकॉकले जाई ऱ्हायनू भो, नेट कोनतं लेवानं?" मी आधी विचारतो की कोण कोण चाललंय आणि फोन कोणता आहे, कारण निम्मं उत्तर त्याच्यातच असतं, देश आणि पॅकचा भाव नंतर बघू.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी, आपलं भारतातलं सिम फोनमधून काढायचं नाही. आमचे साडूभाऊ थायलंडला गेले तेव्हा विमानतळावरच्या काउंटरवर तिकडचं सिम घेतलं, तिथल्या मुलीने पटकन जुनं काढून एका कागदाला चिकटवून हातात दिलं आणि तो कागद बॅगांच्या गडबडीत कुठे गेला तो गेलाच. तिसऱ्या दिवशी फोरेक्स कार्डात (परदेशात खर्चायला आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) पैसे टाकायला नेटबँकिंग उघडलं तर ओटीपी जाणार त्या नखाएवढ्या सिमवर! मग हॉटेलच्या वायफायवरून घरी फोन, मुलाची धावपळ, वहिनींचा तर रडकुंडीला आलेला आवाज मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, ड्युअल सिम फोन असेल तर एका खाचेत आपलं सिम राहू द्या, दुसऱ्यात तिकडचं टाका. एकच खाच असेल आणि काढावंच लागलं तर सेलोटेपने पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटवा. ट्रे उघडायची पिन घरीच राहते, तेव्हा आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन कामाला येते, फक्त बारीक पाहिजे.

निघायच्या आधी सिम कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघा, इंटरनॅशनल रोमिंग सुरू आहे का, ते नसेल तर ओटीपीचा मेसेज तिकडे येणार नाही. रिचार्जची व्हॅलिडिटी परत येईपर्यंत पुरली पाहिजे. आणि दुसरीकडून नेट घेतलं असेल तर भारतीय सिमचं डेटा रोमिंग, म्हणजे त्या सिमवरचं परदेशातलं नेट, बंदच ठेवा. रोमिंग पॅक नसताना त्या सिमवर कॉल उचलला तर त्याचेही पैसे लागतात, म्हणून घरच्यांना सांगून ठेवायचं की व्हॉट्सअ‍ॅपवरच करा. नवीन सिम टाकल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा, जुनाच नंबर चालतो.

आता कोणी काय घ्यायचं. आई-वडील एकटे चालले असतील, लेकीकडे नाहीतर टूरवाल्यासोबत, तर डोळे झाकून आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक मारा. महाग पडतो, मान्य आहे, पण नानांना सेटिंगमध्ये बोट घालायची वेळ येत नाही, नंबर तोच, विमानातून उतरले, फोन चालू केला, डेटा रोमिंग आधीच ऑन करून दिलेलं असलं की झालं. तिथे पैसे वाचवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरुण मंडळींनी ई-सिम बघावं, म्हणजे कार्ड न घालता क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये चालू होणारं सिम. फोनमध्ये चालतं का हे कळायला स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी हा ई-सिमचा क्रमांक दिसला तर फोन ई-सिमवाला आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस, एक्सआरपासून ही सोय आहे. क्यूआर कोड घरच्या वायफायवरच स्कॅन करून टाका, आणि तो दुसऱ्याच्या फोनवर किंवा प्रिंट काढून ठेवा, कारण स्वतःच्याच स्क्रीनवरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा स्कॅन करणार? एकदा टाकलेलं ई-सिम चुकून डिलीट करू नका, बऱ्याच वेळा तोच कोड दुसऱ्यांदा चालत नाही. बहुतेक टुरिस्ट ई-सिमला कॉलिंगचा नंबर नसतो, नुसतं नेट असतं.

तिकडचं सिम एकाच देशात १५ दिवस-महिनाभर राहणाऱ्याला परवडतं. पासपोर्ट मात्र खिशात ठेवा, सौदीत तर उमऱ्याला जाणाऱ्यांचे सिमसाठी बोटांचे ठसेही घेतात.

युरोप टूरवाल्यांनो, इथे नीट लक्ष द्या. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग चार्जशिवाय चालतं, त्यामुळे पॅरिसला घेतलेलं रोममध्ये चालेल असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक टूरमध्ये स्वित्झर्लंड असतं, आणि स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही! लंडनचंही तेच, ब्रिटनही युनियनमध्ये नाही. पॅक घेताना देशांची यादी उघडून ही दोन नावं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, 'युरोप' एवढ्या शब्दावर जाऊ नका.

दुबईत तिकडचं सिम घेतलं की व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जातील पण कॉल लागणार नाही, तिकडे तो बंद आहे, म्हणून घरी आधीच सांगा, नाहीतर माय इकडे रात्रभर फोनकडे बघत बसते. चीनमध्ये तिकडच्या नेटवर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही बंद, तिथे भारतीय सिमचा रोमिंग पॅकच बरा, कारण त्याचं नेट सहसा आपल्या कंपनीमार्फत फिरून येतं.

किती जीबी घ्यायचं ते अंदाजाने ठरवू नका, फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा मोबाईल डेटा बघा, पण घरच्या वायफायवर वापरलेला त्यात धरलेला नसतो हे विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाउनलोड बंद करा, गावाकडच्या ग्रुपवरचे व्हिडिओच निम्मा पॅक खातात, आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. त्या शहराचा गूगल मॅप ऑफलाइन उतरवून घ्या, नेट गेलं तरी हॉटेल सापडतं. विमानात एअरप्लेन मोड पक्का ठेवायचा, काही विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, फोन गुपचूप त्याला जोडला जातो आणि त्याचा दर वेगळाच असतो.

हे सगळं मुंबईच्या गाडीत बसायच्या आधी, घरी, निवांत करा, गाडीत कसाऱ्याच्या घाटात रेंज जाते आणि क्यूआर कोड अर्ध्यावर अडकतो.