जुन्या फ्रेंच सिनेमात कोण दिसतं, कोण नुसतं ऐकू येतं?

पडद्यावर कोण दिसतं, कोण बोलतं आणि कोणाचा नुसता उल्लेख होतो, या तीन याद्या वेगळ्या ठेवा. सिनेमात कोणाला जागा मिळाली यावरची चर्चा भरकटते, ती बहुतेकदा या तिन्हींची खिचडी झाल्यामुळे.

नौपाड्यात किंवा वाशीत सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-बारा जण जमणार असाल, तर सरावाला फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दाचा ‘क्लेओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन’ (१९६२) घ्या. क्लेओ ही गायिका, आजाराच्या तपासणीच्या निकालाची वाट बघत पॅरिसमध्ये फिरते. लांबी दीडच तास. शिवाय १३ भागांची शीर्षकं घड्याळाच्या वेळेसकट पडद्यावरच येतात, म्हणजे नोंदींचे टप्पे आयतेच मिळतात.

पहिल्यांदा वही न उघडता बघा. दुसऱ्यांदा १३ ओळी आखा आणि चार रकाने पाडा: कोण दिसलं, कोण बोललं, कशाबद्दल, मागे काय ऐकू आलं. रकाने वाटून घ्या. एकट्याने सगळे भरायला घेतले की चौथा हमखास कोरा राहतो. पावसाळ्यात हॉलच्या पत्र्यावर सरी कोसळत असतील, तर हा चौथा रकाना भरणाऱ्याला हेडफोनच द्या. थांबवत बघायला अडीच तास लागतात, हॉल तेवढा वेळ मागून ठेवा.

मोजायचं कोणाला, हे आधी ठरवा: ज्यांना संवाद आहे किंवा ज्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, तेवढीच माणसं. गर्दी सोडून द्या. चेहऱ्यावरून देश ओळखायला जाऊ नका, ते अंदाज नंतर आकडे म्हणून मिरवतात.

सिनेमात बायकांना किती जागा आहे हे बघणारी बेक्डेल कसोटी (१९८५) दोन मिनिटांत उरकते: दोन बायका, एकमेकींशी बोलणं, विषय पुरुष नाही. क्लेओ आणि तिची मैत्रीण दोरोते यांचं आजाराबद्दलचं बोलणं त्यात बसतं. पास झाला म्हणून वही मिटू नका, खरं काम पुढेच आहे.

टॅक्सीचा प्रसंग तीनदा बघा. चालक बाई आहे (ठाणेकरांना अबोली रिक्षा आठवेलच), ती मोकळेपणाने बोलते, पण भागांच्या शीर्षकांत तिला जागा नाही. तिथे क्लेओ, आंजेल, बॉब, दोरोते, राउल, आंत्वान आणि एका भागाला चक्क ‘काही इतर’. याच प्रवासात रेडिओवर अल्जीरियाची (तेव्हा फ्रान्सची वसाहत, तिथे स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं) बातमी लागते आणि बाहेर दुकानात आफ्रिकी मुखवटे मांडलेले दिसतात. म्हणजे वसाहत आहे, पण आवाज आणि माल म्हणून. पुढे त्या युद्धाला चेहरा मिळतो तो आंत्वानचा, सुट्टीवर आलेल्या फ्रेंच सैनिकाचा.

इथेच नोंदी चुकतात. सबटायटल्समध्ये रेडिओ पुष्कळदा गाळलेला असतो, आणि मग ‘अल्जीरियाचा उल्लेखच नाही’ असं बेधडक लिहिलं जातं. फ्रेंच येत नसलं तरी ‘आल्जेरी’ हा शब्द कानाला पकडता येतो. तेवढं मागे नेऊन ऐका.

निकाल लिहिण्याआधी काळ तपासा. ते युद्ध १९५४ ते १९६२ चाललं आणि त्याच विषयामुळे दिग्दर्शक गोदारचा ‘ल पती सोल्दा’ हा सिनेमा फ्रान्समध्ये १९६३पर्यंत अडवून ठेवला होता. त्यामुळे गैरहजेरी दिसली की लगेच दिग्दर्शकाच्या माथी मारू नका. पण सेन्सॉर होता म्हणून सगळं माफ, असंही नाही. बातमी आत येऊ शकली, मग ती ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यातला एकही नावानिशी का नाही? गुण देण्याऐवजी हा प्रश्न, भागाच्या वेळेसकट, वहीत उतरवा.