म्हातारपणातील शुश्रूषेच्या खर्चाची तरतूद कशी करावी
हिशोबाची सुरुवात आरोग्यविम्यापासून न करता घरी ठेवाव्या लागणाऱ्या मदतनीसाच्या पगारापासून करावी, कारण विमा बहुतांशी रुग्णालयातील उपचारांचे पैसे देतो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे वर्षानुवर्षे सगळे करणाऱ्या आयाबाईंचे नव्हे. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून मिळणारे आयुष्मान भारत योजनेचे ५ लाख रुपयांचे वार्षिक संरक्षणही मुख्यतः रुग्णालयापुरतेच आहे. म्हणून आपल्या गावातील आजचे दर विचारून, महागाई धरून, निदान पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडावा.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला हाती येते. मात्र खाते मुदतीपूर्वी मोडल्यास कपात होते, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात वेगळा असावा.

साठीनंतर राहते घर गहाण ठेवून बँकेकडूनच आपल्याला ठरावीक हप्ते देणारे आणि बहुधा आपल्या पश्चात घर विकून फिटणारे रिव्हर्स मॉर्गेज कर्जही मिळू शकते, जरी आपल्याकडे घर मुलांसाठीच राखण्याची रीत असली तरी. घर मुलांच्या नावे करायचेच असेल, तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, ती न पाळल्यास न्यायाधिकरण हस्तांतरण रद्द ठरवू शकते.