गुरगुरणं दडपू नका: मोठा कुत्रा पाळताना या चुका टाळा

"आमचा अगदी गरीब आहे हो, अचानकच चावला." मोठ्या कुत्र्यांच्या मालकांचं हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्या कुत्र्यानं आधी सांगून पाहिलेलं असतं.

कुत्रा गुरगुरला की त्याला दटावणं, फटका देणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' एवढंच. त्यावर मार बसत गेला की भीती तशीच राहते, इशारा देणं मात्र तो सोडतो आणि पुढच्या वेळी थेट दात लावतो. त्याच्याही आधी ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, क्षणभर अंग ताठ करून थिजणं अशा खुणा असतात. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, असंही धरून चालू नका. उंच, ताठ शेपटी भराभर हलत असेल तर तो तणावात असू शकतो. गुरगुरला तर आधी अंतर वाढवा, मग कारण शोधा.

कारण शोधताना पहिली फेरी पशुवैद्याकडे. शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला तर कान, दात किंवा सांधे दुखत असू शकतात. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, रॉटवायलर यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो, आणि दुखऱ्या जागी हात लागला की तो उलटतो.

'मालक कोण ते दाखवून द्या' म्हणत कुत्र्याला उताणं दाबून धरू नका. या कल्पनेचं मूळ प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. पण रानातला कळप म्हणजे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये मांडलं. दाबल्यानं भीती वाढते, आणि भ्यालेला कुत्राच जास्त चावतो.

पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना माणसं, आवाज, इतर कुत्री यांची ओळख झाली नाही, तर ती कसर पुढे भरून काढणं फार अवघड जातं. दिवसभर साखळीला बांधणं हीसुद्धा तशीच घोडचूक.

लहान मूल आणि कुत्रा यांना एकटं सोडू नका, कितीही लाडका असला तरी. जेवत्या कुत्र्याच्या भांड्यात हात घालू नका. चाळीस किलोच्या कुत्र्याचा पट्टा मुलाच्या हातात तर नकोच.

चावण्याचा धोका असेल तर जाळीचं मुसकं वापरा. त्यात त्याला धापा टाकता आणि पाणी पिता आलं पाहिजे. बाहेर न्यायच्या दिवशी एकदम चढवू नका. आधी काही दिवस घरातच, मुसक्यात खाऊ ठेवून त्याला आपणहून तोंड घालू द्या.