मातीवरचा उत्प्रेरक सुटून पॉलिमर भिंतीला चिकटत असल्यास: माझा अनुभव

सोडियम मॉन्टमोरिलोनाइट या पातळ थरांच्या मातीवर इंडेनिल झिर्कोनोसीन हा झिर्कोनियमयुक्त उत्प्रेरक बसवून, मातीचे थर पॉलिमरमध्ये विलग व्हावेत म्हणून इथिलीनचे तिथेच बहुलकीकरण करताना पॉलिमर रिअ‍ॅक्टरच्या भिंतीला चिकटत असे, मातीच्या राखाडी गुठळ्या तळाशी राहत आणि क्ष-किरण विवर्तनात ७ अंशांजवळचे शिखर कायम दिसे, म्हणजे मातीचे थर एकावर एक रचलेलेच राहत. उत्प्रेरक, दाब, ढवळण्याचा वेग असे सारे बदलूनही फरक पडेना, तेव्हा फार वैताग आला.

गाळलेले टोल्युइन (द्रावक) पिवळे येत होते, म्हणजे उत्प्रेरक मातीवर टिकतच नव्हता. नागपूरच्या पावसाळी हवेत माती भरपूर पाणी धरते आणि ते पाणी एमएओ (मिथाइलअ‍ॅल्युमिनॉक्सेन, उत्प्रेरकाला सक्रिय करणारे व मातीवर धरून ठेवणारे संयुग) वाया घालवते.

म्हणून माती प्रथम निर्वातात सुमारे १५० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवावी; सेंद्रिय अमोनियम क्षार लावलेली माती मात्र १०० अंशांच्या आसपासच ठेवावी, कारण २०० अंशांजवळ ते क्षार विघटित होऊ लागतात. नंतर नायट्रोजनखाली, कोरड्या टोल्युइनमध्ये एमएओ थेंबाथेंबाने घालून ढवळावे आणि न बांधलेले एमएओ धुऊन काढावे. मगच झिर्कोनोसीन घालावे आणि गाळलेले टोल्युइन रंगहीन येईपर्यंत पुन्हा धुवावे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. रिअ‍ॅक्टरमध्ये आधी उरलासुरला ओलावा टिपण्यासाठी थोडे ट्रायआयसोब्युटिल अ‍ॅल्युमिनियम, मग हा उत्प्रेरक घालावा आणि इथिलीनचा दाब हळूहळू वाढवावा.

आता पॉलिमर सुटा, दाणेदार मिळतो आणि ते शिखर नाहीसे झाले आहे. तरीही थर खरोखर विलग झाल्याची खात्री पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच करावी.